विष्णू वासुदेव नारळीकर

विष्णू वासुदेव नारळीकर (जन्म : कोल्हापूर, २६ सप्टेंबर १९०८, मृत्यू : पुणे, १ एप्रिल १९९१) हे व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या गणितावर संशोधन करणारे मराठी गणितज्ञ होते. इ.स. १९३२ ते १९६० या काळात ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक व विभागप्रमुख होते. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षण-सिद्धांताकडे जगातील बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी पाठ फिरवली होती, त्या दोन-तीन दशकांत भारतात या विषयाची परंपरा ज्यांनी तगवून धरली त्यांत नारळीकरांचे नाव अग्रभागी आहे. खगोलशास्त्रज्ञ व विज्ञानकथाकार जयंत नारळीकर (१९३८-२०२५) हे त्यांचे पुत्र होत. पुत्राची कीर्ती मराठी घराघरांत पोहोचली. पित्याचे कार्य मात्र गणिताच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही.

जन्म व शिक्षण

नारळीकरांचा जन्म कोल्हापूर येथे संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. वडील वासुदेवशास्त्री हे संस्कृतज्ञ होते. विष्णू मात्र गणिताकडे वळले. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेतून त्यांनी १९२८ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी उच्च गुणांनी मिळवली. त्यानंतर जमशेटजी टाटा निधीची शिष्यवृत्ती आणि कोल्हापूर संस्थानचे साहाय्य यांच्या बळावर ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १९३० साली ते रँग्लर झाले. आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि संशोधनासाठी दिले जाणारे रॅले पारितोषिक हे दोन्ही मान त्यांना त्यानंतर मिळाले.

‘रँग्लर’ या पदवीला महाराष्ट्रात तेव्हा केवढे वलय होते, हे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाले. विलायतेतील सर्वोच्च गणिती मान मिळवून मायदेशी शिकवण्यास यावयाचे, हा कित्ता मराठी मुलखात असा आधीच गिरवला गेलेला होता. नारळीकरांच्या पुढील निर्णयाकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

केंब्रिजमधील वातावरण

नारळीकर केंब्रिजमध्ये होते तेव्हा व्यापक सापेक्षतेचा इंग्रजी जगातील सर्वांत मोठा भाष्यकार तेथेच होता. आर्थर एडिंग्टन यांनी १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांच्या प्रकाशकिरणांचे वळणे मोजले होते आणि सापेक्षतेच्या गणितावरील त्यांचा ग्रंथ हा त्या विषयाचा पाठ्यग्रंथच झाला होता. संशोधक म्हणून नारळीकर एडिंग्टन यांच्या संपर्कात आले आणि सापेक्षतेची गोडी त्यांना तेथे लागली.

एडिंग्टन यांनी १९२२ साली गुरुत्वीय लहरींविषयी एक महत्त्वाचा निबंध लिहिला होता. आइन्स्टाइनने १९१६ व १९१८ मध्ये आपल्या समीकरणांतून अशा लहरींचे भाकीत केले होते आणि त्यांचे तीन प्रकार मांडले होते. त्यांपैकी दोन प्रकार खोटे आहेत, असे एडिंग्टन यांनी दाखवून दिले. त्या लहरी अवकाशात नसतात. गणित मांडणाऱ्याने निवडलेले निर्देशकच डुलत असतात आणि त्यामुळे लहर असल्याचा भास होतो. तिसरा प्रकार मात्र खरा असून तो प्रकाशाच्या वेगाने जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आइन्स्टाइनच्या ऊर्जा-उत्सर्जनाच्या सूत्रातील दोनाच्या गुणकाची चूकही त्यांनी दुरुस्त केली. सापेक्षतेच्या गणितात खरे काय आणि निवडलेल्या मांडणीचा आभास कोणता, हा प्रश्न पुढे बनारसच्या कामातही पुन्हा पुन्हा डोकावतो.

बनारसचे निमंत्रण

केंब्रिजनंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जाऊन संशोधन पुढे न्यावे, असा नारळीकरांचा विचार होता. त्याच प्रदेशातील माउंट विल्सन वेधशाळेतून एडविन हबल यांनी दूरच्या दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असल्याचे १९२९ मध्ये दाखवले होते. विश्वरचनाशास्त्रात रस असलेल्या तरुणाला त्या वेळी पृथ्वीवर याहून योग्य जागा नव्हती.

याच सुमारास बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक व कुलगुरू पंडित मदनमोहन मालवीय गोलमेज परिषदेच्या निमित्ताने इंग्लंडला आले होते. आपल्या विद्यापीठासाठी गुणी तरुण हेरणे हे काम मालवीय जेथे जातील तेथे करीत असत. (यवतमाळच्या वाचकांना मालवीयांची ओळख लोकनायक बापूजी अणे यांचे निकटचे सहकारी म्हणूनही असते, या दोघांनी १९३४ साली काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला.) त्यांनी नारळीकरांना गणित विभाग सांभाळण्याचे निमंत्रण दिले. नारळीकरांनी ते स्वीकारले आणि १९३२ साली, वयाची चोविशी पूर्ण होण्याच्या सुमारास, ते बनारसला रुजू झाले.

या निर्णयाची किंमत लहान नव्हती. बनारसला सापेक्षतेवर काम करणारा दुसरा कोणी नव्हता. परदेशी नियतकालिके बोटीने येत, म्हणजे एखाद्या निबंधावर विचार करून उत्तर छापून येईपर्यंत वर्ष सहज उलटे. पदवीच्या वर्गांचे अध्यापन, परीक्षा व विभागाचा कारभार हे सारे तरुण विभागप्रमुखाच्या माथी होते. नारळीकर पॅसाडेनाला गेले असते, तर त्यांच्या स्वतःच्या नावावर आज अधिक सूत्रे असती, असे मानण्यास जागा आहे. मात्र मग पुढील परिच्छेदांतील बरीच नावे या विषयात आलीच नसती.

वस्तुमानाविषयीचा वाद

नारळीकरांच्या बनारसमधील आरंभीच्या कामापैकी एक निबंध आजही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांकडून उल्लेखिला जातो, आणि तो सापेक्षतेवर नसून न्यूटनच्या यामिकीवर आहे. वस्तूचे वस्तुमान म्हणजे काय आणि ते निरीक्षणातून कसे ठरवावे, असा त्याचा विषय होता. अर्न्स्ट माख यांनी वस्तुमानाची व्याख्या वस्तूंच्या परस्परांमुळे होणाऱ्या त्वरणांवरून केली होती. पेंडसे या मराठी गणितज्ञाने १९३७ साली लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये या व्याख्येवर आक्षेप घेतला. कणांची संख्या वाढत गेली की नुसत्या त्वरणांच्या नोंदीवरून त्यांची वस्तुमाने निःसंदिग्धपणे ठरवता येत नाहीत, असे त्यांनी सिद्ध केले. नारळीकरांनी १९३९ साली त्याच नियतकालिकात उत्तर दिले : त्वरणांच्या जोडीला न्यूटनचा व्यस्त-वर्गाचा गुरुत्व-नियम गृहीत धरला, तर वस्तुमाने ठरवता येतात. म्हणजे वस्तुमान ही कल्पना एकटी उभी राहत नाही. तिला बलाच्या नियमाचा टेकू लागतो. दोन मराठी गणितज्ञांनी लंडनच्या पत्रात घातलेला हा वाद मॅक्स यामर यांच्या वस्तुमानाविषयीच्या प्रसिद्ध ग्रंथात नोंदला गेला आहे.

ऊर्जेचा पेच

न्यूटनच्या यामिकीतच वस्तुमानाची ही अवस्था असेल, तर व्यापक सापेक्षतेत ऊर्जेची अवस्था त्याहून बिकट आहे. नारळीकरांच्या परंपरेतील कामाचे महत्त्व कळण्यासाठी हा पेच थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

शाळेत शिकवला जाणारा ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम असे सांगतो की ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, पण नष्ट होत नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या एका बाजूला अवकाश-कालाची वक्रता असते, दुसऱ्या बाजूला द्रव्य व प्रारणाची ऊर्जा. या दुसऱ्या बाजूच्या हिशेबात गुरुत्वाकर्षणाची स्वतःची ऊर्जा धरलेली नसते, कारण गुरुत्वाकर्षण हे येथे बल नसून वक्रताच आहे. परिणामी द्रव्याची ऊर्जा एकटी घेतली तर ती सर्वसाधारणपणे अक्षय्य राहत नाही. वहीत जमा-खर्च जुळत नाही. एक खातेच लिहिलेले नसते.

आइन्स्टाइनने हे खाते लिहिण्यासाठी १९१६ च्या सुमारास एक राशी सुचवली. ती खऱ्या अर्थाने प्रदिश नसल्याने तिला छद्म-प्रदिश म्हणतात. तिचा दोष असा की निर्देशक बदलले की तिची किंमत बदलते आणि योग्य निर्देशक निवडले तर कोणत्याही एका बिंदूवर ती शून्य करता येते. यामागील कारण समतुल्यता तत्त्वात आहे. दोर तुटून खाली पडणाऱ्या उद्वाहकातील माणसाला वजन जाणवत नाही; त्याच्यापुरते गुरुत्वाकर्षण नाहीसे होते. जी गोष्ट एखाद्या बिंदूवर केवळ दृष्टिकोन बदलून नाहीशी होते, तिची ऊर्जा त्या बिंदूवर अमुक इतकी आहे, असे कसे म्हणावे? व्यापक सापेक्षतेत गुरुत्वीय ऊर्जेला जागा नेमून देता येत नाही, हे आज मान्य झाले आहे. बंदिस्त समूहाची एकूण ऊर्जा मात्र दुरून पाहता ठरवता येते.

गुरुत्वीय लहरींवर या पेचाचा थेट परिणाम झाला. लहर ऊर्जा वाहून नेत असेल, तर तिचा कोठेतरी परिणाम होईल आणि ती मोजता येईल. ती ऊर्जा नेत नसेल, तर ती केवळ कागदावरची आकृती ठरते. खुद्द आइन्स्टाइनने १९३६ साली नेथन रोझन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात अशा लहरी नसतातच, असा निष्कर्ष काढला होता. परीक्षकाने त्यातील दोष दाखवल्यावर आइन्स्टाइन रागावले, निबंध त्यांनी त्या नियतकालिकाकडून परत घेतला. पुढे चूक ध्यानात आल्यावर निष्कर्ष बदलून दंडगोलाकार लहरींची उकल म्हणून तो १९३७ मध्ये दुसरीकडे छापला. सिद्धांताचा जनकच जेथे असा चकला, तेथे इतरांनी हा विषय टाळला यात नवल नाही.

बनारसचा मार्ग : अचूक उकली

अशा परिस्थितीत बनारसला नारळीकरांनी जो मार्ग धरला तो साधा पण कष्टाचा होता. आइन्स्टाइनची समीकरणे अरेषीय आहेत. अंदाजे गणित केले की खोट्या-खऱ्याचा घोळ होतो. त्यामुळे शक्य तेथे अचूक उकली शोधाव्या, त्या निर्देशकांच्या निवडीवर न विसंबणाऱ्या राशींनी तपासाव्या आणि मगच त्यांचा भौतिक अर्थ लावावा, अशी ही पद्धत होती. प्रयोगशाळा नको, मोठे अनुदान नको. कागद, पेन्सिल आणि चिकाटी पुरे. स्वातंत्र्यपूर्व काळातील भारतीय विद्यापीठाला परवडणारे असे हे संशोधन होते, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दि. ना. मोघे यांच्यासह नारळीकरांनी १९३५ मध्ये गोलाकार सममितीच्या द्रव्यरचनांच्या नव्या उकली प्रसिद्ध केल्या. के. आर. करमरकर यांच्यासह १९४६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी पोकळ अवकाशाची एक चमत्कारिक उकल दिली. ती उकल एडवर्ड कॅस्नर यांनी १९२१ मध्ये दिलेल्या उकलीच्या कुळातील असल्याचे पुढे ध्यानात आले. आरंभीच्या विश्वाच्या अभ्यासात या कुळाला नंतर मोठे महत्त्व प्राप्त झाले. याच दोघांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस चार मितींच्या अवकाश-कालाच्या १४ अदिश अविकारी राशी प्रत्यक्ष लिहून दाखवल्या. निर्देशक कसेही बदलले तरी या राशींची किंमत बदलत नाही. त्यामुळे समोरची विचित्र वागणूक खऱ्या वक्रतेची की निर्देशकांच्या खोडीची, हे त्यांच्याकरवी पारखता येते. एडिंग्टनच्या १९२२ च्या प्रश्नाला बनारसने दिलेले हे एक उत्तरच होय.

करमरकरांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे एक अट मांडली. गोलाकार सममितीचा अवकाश-काल पाच मितींच्या सपाट अवकाशात बसवता येण्यासंबंधीची ती अट होती. अनेक वर्षे कोणी तिची दखल घेतली नाही. अलीकडे अतिघन ताऱ्यांच्या अंतर्भागाची प्रतिमाने रचणाऱ्यांनी ती पुन्हा उचलली आणि आज ‘करमरकर अट’ हे नाव संशोधन-निबंधांच्या शीर्षकांत वारंवार दिसते.

प्रकाशणारा तारा

या परंपरेतील सर्वांत विख्यात निष्पत्ती नारळीकरांच्या नव्हे, त्यांच्या शिष्याच्या नावावर आहे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य (१९१८-२०१०) हे गुजराती तरुण मुंबईत गणिताचे शिक्षण घेऊन १९४२ मध्ये पत्नी व तान्ह्या मुलीसह बनारसला आले. नोकरी नव्हती, विद्यावेतन नव्हते. जवळ साठवलेल्या पैशांवर दहा महिने काढावयाचे आणि नारळीकरांकडे सापेक्षता शिकावयाची, एवढाच संकल्प होता. देशभर ‘चले जाव’ आंदोलनाची धामधूम चालू होती.

ताऱ्याबाहेरील गुरुत्वीय क्षेत्राची अचूक उकल कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्येच दिली होती. त्या उकलीत ताऱ्याचे वस्तुमान स्थिर असते आणि बाहेरचा अवकाश रिता असतो. खरा तारा मात्र प्रकाशतो. सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकतो. म्हणजे सूर्याबाहेरचा अवकाश रिता नाही, तो बाहेर वाहणाऱ्या प्रकाशाने भरलेला आहे. आणि सूर्याचे वस्तुमानही स्थिर नाही, ते घटत आहे. अशा ताऱ्याचे बाह्य क्षेत्र कसे असेल, हा प्रश्न वैद्यांनी घेतला आणि त्याची अचूक उकल काढली. ती १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९५१ व १९५३ मध्ये त्यांनी ती अधिक सुटसुटीत रूपात मांडली.

या सुटसुटीत रूपात श्वार्झशिल्डच्या सूत्रातील वस्तुमान हा स्थिरांक जाऊन त्या जागी काळानुसार घटणारे वस्तुमान येते. मात्र हा काळ म्हणजे निरीक्षकाच्या घड्याळातील काळ नसून, त्याच्यापाशी आता पोहोचलेला प्रकाश ताऱ्यापासून ज्या क्षणी निघाला तो क्षण होय. दूर असलेल्या निरीक्षकाला ताऱ्याचे वस्तुमान घटल्याचे तेव्हाच कळते, जेव्हा ती घट घेऊन निघालेला प्रकाश त्याच्या पलीकडे गेलेला असतो. जेवढे वस्तुमान ताऱ्याने गमावले तेवढीच ऊर्जा प्रकाशासह गेली. जमा-खर्च काटेकोर जुळतो. हिशेब न जुळण्यासाठी बदनाम झालेल्या सिद्धांतात ऊर्जा बाहेर कशी वाहते याचे स्वच्छ, अचूक उदाहरण मिळाले ते असे.

येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे, कारण लोकप्रिय लेखनात तो पुसला जातो. वैद्य-उकलीतील ऊर्जा प्रकाशाची आहे, गुरुत्वीय लहरींची नाही. सर्व बाजूंनी सारख्या असलेल्या गोलातून गुरुत्वीय लहरी निघूच शकत नाहीत. त्यासाठी एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांसारखी विषम हालचाल लागते. परंतु हर्मन बाँडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये गुरुत्वीय लहरी बाहेर टाकणाऱ्या समूहाचे वस्तुमान घटते असे सिद्ध केले, तेव्हा त्यांनीही बाहेर जाणाऱ्या किरणांबरोबर चालणारा काळच मोजपट्टी म्हणून घेतला होता. घटणाऱ्या वस्तुमानाची जी भाषा बाँडींनी लहरींसाठी वापरली, ती प्रकाशासाठी बनारसच्या शिष्याने आधीच वापरलेली होती.

त्याआधी १९५७ साली अमेरिकेतील चॅपेल हिल येथील परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी या वादावर एक घरगुती युक्तिवाद केला होता. काठीवर थोडे सैल मणी ओवलेले आहेत अशी कल्पना करावी. लहर जाताना मणी काठीवर मागे-पुढे सरकतील, घर्षण होईल आणि काठी तापेल. ही उष्णता लहरीनेच आणलेली असली पाहिजे. त्यानंतर लहरी ऊर्जा नेतात किंवा नाही, हा वाद हळूहळू मावळला.

वैद्यांखेरीज गो. कृ. पटवर्धन, के. पी. सिंह व इतर अनेक संशोधक नारळीकरांच्या हाताखाली तयार झाले. वैद्यांसह नारळीकरांनी काळानुसार बदलणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रावर लिहिलेले टिपण १९४७ मध्ये ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. आइन्स्टाइनच्या एकीकृत क्षेत्र सिद्धांतावरही बनारसला काम झाले. तो सिद्धांतच पुढे मागे पडल्याने त्या कामाला आज ऐतिहासिक मूल्यच उरले आहे.

कौटुंबिक जीवन

नारळीकरांच्या पत्नी सुमती या कोल्हापूरच्या हुजुरबाजार घराण्यातील व संस्कृतच्या व्यासंगी होत्या. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजुरबाजार हे त्यांचे बंधू. जयंत आणि अनंत हे दोघे पुत्र. अनंत यांनी अतिसंवाहकतेच्या क्षेत्रात नाव मिळवले.

विद्यापीठाच्या परिसरातील नारळीकरांच्या घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले होते. मुलांनी त्यांवर वाटेल ते लिहावे, हा हेतू. शिक्षणासाठी येऊन राहिलेले मामा मोरेश्वर हुजुरबाजार यांपैकी एका फळ्यावर जयंतासाठी गणिताचे कोडे आव्हान म्हणून लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. हा प्रघात जयंत नारळीकरांनी आपल्या आठवणींत वर्णिलेला आहे. जयंत पुढे पित्याच्याच केंब्रिजला गेले आणि १९५९ मध्ये तेही रँग्लर झाले.

अजमेर व पुणे

बनारसला २८ वर्षे काढल्यावर नारळीकर १९६० मध्ये राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला गेले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. ही सहा वर्षे प्रशासनाची होती. संशोधनाच्या दृष्टीने त्यांविषयी लिहिण्याजोगे थोडेच आहे. योगायोग असा की याच काळात जगभर सापेक्षतेचे पुनरुज्जीवन होत होते. क्वेसार सापडले, फिरत्या कृष्णविवराची उकल १९६३ मध्ये रॉय केर यांनी दिली आणि जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला.

इ.स. १९६६ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून बोलावले. तेथे ते १९७३ पर्यंत होते. या काळातील त्यांचे विद्यार्थी नरेश दधिच हे पुढे पुण्याच्या आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे ‘आयुका’चे, संचालक झाले. नारळीकरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त १९६९ साली अहमदाबाद येथे सापेक्षतेवर परिसंवाद भरला. त्यातच व्यापक सापेक्षता व गुरुत्वाकर्षण यांच्या अखिल भारतीय संघटनेची स्थापना झाली आणि नारळीकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते फेलो होते. १ एप्रिल १९९१ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

नंतरचा काळ

गुरुत्वीय लहरी ऊर्जा नेतात याचा पहिला अप्रत्यक्ष पुरावा नारळीकरांच्या हयातीत मिळाला होता. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ मध्ये एक जोड-स्पंदक सापडला. त्याची कक्षा वर्षानुवर्षे आक्रसत गेली आणि हे आक्रसणे लहरींबरोबर जाणाऱ्या ऊर्जेच्या सूत्राशी जुळले. प्रत्यक्ष लहर नोंदली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगो वेधशाळांमध्ये. सूर्याच्या सुमारे ३६ पट व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकत्र येऊन सुमारे ६२ पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर झाले होते. उरलेले तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत त्या लहरीने घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. असे अतिमंद संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या गणितावर आयुकामध्ये संजीव धुरंधर व त्यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलेले आहे. आयुकाची स्थापना १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली झाली.

विदर्भात नागपूर व अमरावती विद्यापीठांच्या गणित विभागांत आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या अचूक उकली आणि प्रतल गुरुत्वीय लहरी हे संशोधनाचे रूढ विषय आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. लायगोची भारतातील वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारली जात असून तिला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. हिंगोली व यवतमाळ या जिल्ह्यांमध्ये पैनगंगा नदीची सीमा आहे. अमेरिकेतील वेधशाळांप्रमाणेच हिच्याही दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील.